सात काळ्या बाटल्यांचा काला

मी फक्त "छापा की" एवढंच म्हटलं होतं. या दोन शब्दांवरून पुढे इतकं रामायण होईल असं वाटलं असतं, तर मी त्या दिवशी मौनव्रत धरलं असतं. (व्रतांची मला सवय आहे. मौनाची नाही, असं आमच्या ह्यांचं मत.)

झालं असं, की सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं मी मनात घेतलं. म्हणजे हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचं कौतुक. आमच्या मोरिवलीच्या घरात हा प्रकार कुणी केलेला नव्हता. सासूबाईंना, म्हणजे ठमाबाईंना, मी समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हजार चंद्र कवा बगले गो मी? निम्म्या टायमाला तं ढग व्हते."

मग जरा वेळाने, बोटाने गोधडीची शिवण चाचपत, हळूच म्हणाल्या, "चंद्राचा ऱ्हाऊ दे. मना त्याचा तोंड बगाचा हाय. आताशा आठवत नाय."

'त्याचा' म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते जाऊन फार वर्षं झाली. मी लग्न होऊन आले तेव्हाही ते नव्हते. त्यांचा एकच फोटो आहे. अंबरनाथच्या शिवरात्रीच्या जत्रेत काढलेला, पत्त्याच्या पानाएवढा, काळा-पांढरा. पुठ्ठ्याची मोठी चंद्रकोर, तिच्यावर दोघं बसलेली. सासूबाई लाजून खाली बघतायत आणि सासरे पांढरीशुभ्र टोपी घालून सगळे दात दाखवून हसतायत. सासूबाई तो फोटो रोज डोळ्याला लावायच्या. पण एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं होण्यासारखं राहिलेलं नाही. फोटो तेवढाच राहिला, नजर लहान झाली.

"मी मोठा करून देतो आईला," हे म्हणाले. "भिंतीएवढा. घरीच छापू."

आणि मी म्हटलं, "छापा की."

आमचे हे मोरिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघायचे. रिटायर झाल्यापासून घरातल्या क्वालिटीवर लक्ष असतं. पोळी उजेडात धरून बघतात. आम्ही चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हापासून तर त्यांना हाताला काम नाही. म्हणून मला बरंच वाटलं. मी लगेच संकल्प सोडला: आईंना सासऱ्यांचं तोंड दिसू दे, सहस्रचंद्रदर्शनाच्या पौर्णिमेपर्यंत मी एकवेळ जेवीन आणि काळं वर्ज्य करीन. काळी साडी नाही, काळी मिरी नाही, काळे मनुके नाहीत. पावसातसुद्धा करिष्माची, म्हणजे आमच्या लेकीची, गुलाबी मांजरांची छत्री घेऊन भाजीला जात होते. (मंगळसूत्राच्या मण्यांना गुरुजींनी सूट दिली होती.)

पहिला फोटो यांनी घरातल्या रंगीत प्रिंटरवर काढला. मशीन बराच वेळ कुरकुरलं आणि सासरे बाहेर आले. हिरवे.

म्हणजे अगदी पोपटी नाहीत, पण दुधी भोपळ्यासारखे. यांनी काहीतरी बटणं दाबली, दुसरा कागद घातला. या वेळी सासरे गुलाबी आले. सासूबाईंच्या हातात आम्ही दोन्ही दिले. त्यांनी डोळ्याजवळ नेले, लांब नेले.

"यो कोन हाय?"

"बाबा, आई," हे म्हणाले.

"तुजा बापूस हिरवा नव्हता रं. आनि यो दुसरा?"

"तेही बाबाच."

"यो तं लगनातला बेंजोवाला दिसतंय."

हे दुखावले. मग त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. जेवताना व्हिडिओ, झोपताना व्हिडिओ. त्यातून त्यांना असं कळलं, की रंगीत शाया एकत्र करून मशीन काळं बनवतं, म्हणून त्याला हिरवी-गुलाबी झाक येते. खरा काळा-पांढरा फोटो हवा असेल तर सगळे रंग काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी नुसत्या काळ्या शाया भरायच्या. खास त्याच कामाच्या असतात.

"शाया?" मी विचारलं. "काळी शाई एकच ना?"

"सात असतात," हे म्हणाले. "सात प्रकारच्या काळ्या."

मी मनात साती आसरांना नमस्कार केला. सात म्हटलं की मला धीर येतो.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये अल्पेशभाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, पण जगातली सगळी शाई त्या फटीत. मी मुद्दाम बरोबर गेले, कारण हे एकटे गेले की दुकानदार सांगेल ते घेऊन येतात. अल्पेशभाईंनी काउंटरवर सात बाटल्या मांडल्या.

"देखो भाभीजी. ये ब्लॅक. ये लाइट ब्लॅक. ये लाइट लाइट ब्लॅक…"

"लाइट लाइट म्हणजे?"

"म्हणजे लाइट से भी लाइट."

मला लाईट म्हटलं की वीज आठवते. आमच्याकडे पावसात लाईट जाते तेव्हा जो काळोख होतो तो लाइट ब्लॅक असणार, आणि इन्व्हर्टरही बसला की लाइट लाइट ब्लॅक, असा मी अर्थ लावला. पण मग बाटल्या उजेडात धरून बघितल्या. पहिली बाटली काजळासारखी दाट. दुसरी जरा पातळ. तिसरी आणखी पातळ. असं करत करत सातवी बाटली म्हणजे जळका तवा धुतलेलं पाणी! माझ्या बापाच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या हो. पाणी घातलेलं मला कळत नाही असं होईल का?

मी यांचा शर्ट ओढला. "अहो, पाणी."

"घरी जाऊन पी."

"मला नकोय. यात आहे."

"अगं, असंच असतं ते. फिकट भागासाठी फिकट शाई लागते. गालासाठी, कपाळासाठी…"

"वडी साईं, भाभीजी को समझाओ," अल्पेशभाई हसत म्हणाले. (ते सिंधी नाहीत, पण इतकी वर्षं कॅम्पात काढल्यावर तोंडात बसलंय.) "ये सब मिला के एक फोटो बनता है."

'सब मिला के.' हे शब्द माझ्या डोक्यात नीट बसले. बाकी काही बसलं नाही.

परतताना रिक्षात पिशवी माझ्या मांडीवर. तेव्हा आठवलं, अरे देवा, आपण काळं वर्ज्य केलंय आणि मांडीवर सात बाटल्या काळं घेऊन बसलोय! पिशवी यांच्या मांडीवर सरकवली आणि घरी पोचताच गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, व्रतात काळं वर्ज्य ना?"

"वर्ज्य."

"आणि लाइट काळं?"

"म्हणजे करडं? साडी आहे का?"

"नाही, शाई."

"शाई प्यायची नाहीये ना, ताई?"

"नाही हो. घरात आणलीये. फोटोसाठी."

"घरात असू दे. अंगाला लागू देऊ नका. लाइट असेल ती लागली तर एक वेळ चालवून घेऊ. गडद काळी लागली तर मात्र व्रत पहिल्यापासून."

एवढी स्पष्ट आज्ञा मिळाल्यावर मला हलकं वाटलं. होईल सगळं नीट.

यांनी शाया भरल्या आणि एक लहानशी चिठ्ठी छापून बघितली. फोटोचा नुसता कोपरा. टोपीची कड आणि एक कान. मी तुम्हाला काय सांगू, असा कान मी बघितला नाही. कानाची पाळी, पाळीची सावली, सावलीतलीसुद्धा सावली. यांचे डोळे भरून आले. "बाबांचा कान," म्हणाले आणि कागद माझ्यासमोर धरून उभे राहिले. सासूबाईंना अजून दाखवायचं नाही, पुरा फोटोच दाखवायचा, असं ठरलं.

मग यांनी आणखी दहा कान छापले. क्वालिटी! त्यात मशीनमधली पहिली, म्हणजे दाट शाई संपत आली.

आता त्या दिवसाकडे येते. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस. हे फ्रेम बघायला बदलापूरला गेलेले. करिष्मा ऑफिसला. संध्याकाळी गुरुजी सहस्रचंद्रदर्शनाचं ठरवायला येणार. मी सकाळपासून परात घेऊन बसलेली. पोहे, दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, लिंबाच्या लोणच्याची फोड. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटायला काला करत होते. माझे हात कोपरापर्यंत दह्यात आणि यांचा फोन आला, म्हणून तो सासूबाईंनी घेतला. त्या फोन कानाला लावत नाहीत, तोंडासमोर आरशासारखा धरतात आणि ओरडतात.

"हरी? बोल! … हां. … हां. … सांगतंय." मग माझ्याकडे वळून, "सूनबाय, हरी बोलतंय, काला भरून ठेव."

"भरतेय ना. डबे काढलेत."

"डब्यात नाय गो. मशीनमदी."

माझा हात दह्यात थांबला. "मशीनमध्ये काला?"

"हां. शाईचा काला. हलू हलू भर बोलतंय. सांडू नको."

आता मला माहीत आहे, माझ्या सासूबाईंच्या तोंडात ळ नाही. डोळ्याला त्या डोला म्हणतात, केळ्याला केला, आणि काळ्याला काला. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्या 'नल गलतंय' म्हणाल्या तेव्हा नळाचं काय 'गलत' झालं ते मी शोधत होते. पण तुम्ही माझ्या जागी बसून बघा. समोर परातभर काला. आणि 'काळा भर' म्हणावं, तर कुठला काळा? सातच्या सात बाटल्या काळ्याच! नुसतं 'काळा भर' असं सात काळ्यांच्या घरात कुणी म्हणेल का? आमचे हे तर क्वालिटीचे माणूस. उलट 'शाईचा काला' म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. सब मिला के! पेंद्याची शिळी भाकरी आणि कृष्णाचं लोणी एकत्र कालवलं की कुणी गरीब राहत नाही, कुणी श्रीमंत राहत नाही, तसंच हे. दाट बाटलीनं पातळ बाटलीला सांभाळून घ्यायचं. अल्पेशभाईंच्या पाण्यावरचा उतारा यांना शेवटी सापडला म्हणायचा!

हात धुतले. नैवेद्याच्या खिरीचं पातेलं घेतलं. (ते आता गच्चीवर आहे. त्यात कोरफड लावलीय.) हातांना शाई लागू नये म्हणून दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या चढवून मनगटाला रबर लावले. व्रत म्हणजे व्रत. मशीनमधली होती ती शाई पिचकारीने काढून घेतली, बाटल्यांतली ओतली, आणि गोपाळकृष्णाचं नाव घेत पळीने ढवळली. तुळशीचं पान टाकलं, मग काढून घेतलं. मशीनला चालेल न चालेल.

शाई छान एकजीव झाली. सगळी सारखी. एकही गरीब नाही, एकही श्रीमंत नाही. सातही कप्पे काठोकाठ भरले, टोपणं लावली. खिडकी बंद होती, पंखा नव्हता, घामाघूम झाले. मनगटानेच कपाळ पुसलं, गाल पुसला, पिशव्या काढून टाकल्या. हात बघितले. स्वच्छ! एक थेंब नाही. मलाच माझं कौतुक वाटलं. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "जाला?"

"झाला, आई."

"बेस. सगला सारका केलंस ना?"

त्या दह्याच्या काल्याबद्दल विचारत होत्या, हे मला नंतर कळलं.

मग मी डबे घेऊन बिल्डिंगमध्ये प्रसाद वाटायला गेले. आणि खरं सांगते, लोक त्या दिवशी इतके प्रेमाने बोलले! एरवी दार अर्धं उघडणारे सगळं दार उघडून बघत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी माझा हात धरून विचारलं, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "एकदम ठीक. देवाची कृपा." त्यांनी मान हलवली आणि दार लावल्यावर आतून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, काल्याने लोक कसे आनंदी होतात!

हे आले ते थेट मशीनच्या खोलीत. "काळा भरलास?"

"कालाच भरला."

"शाबास," म्हणाले आणि मोठा कागद लावला. तेवढ्यात करिष्मा आली, तिच्या मागोमाग गुरुजी आले. सगळे मशीनभोवती उभे राहिले. सासूबाईंना खुर्ची आणून दिली. त्यांनी पदर नीट केला, जसं काही सासरे दारातूनच येणार होते. मी सगळ्यांच्या मागे, हात जोडून.

कागद सावकाश सरकत बाहेर यायला लागला. वरचा भाग आला. मातकट अंधार. आणखी आला. आणखी अंधार. मग पांढऱ्या चंद्रकोरीचं टोक, आणखी काही नाही.

"पप्पा, यात आजोबा कुठेत?" करिष्मा म्हणाली.

यांचा चेहरा सातव्या बाटलीसारखा झाला. कागद संपला. चंद्रकोर, तिच्यावर तरंगणारी एक पांढरी टोपी आणि टोपीखाली अधांतरी दात. बाकी ना नाक, ना डोळे, ना तो सुंदर कान. सासूबाईंचा तर पत्ताच नव्हता.

"अगं, तू भरलंस काय?" हे ओरडले.

"काला!"

"काळा ना?"

"कालाच!"

"हो, पण काळा?"

"तेच सांगतेय ना मी, काला! तुम्ही आईंना सांगितलं, आईंनी मला सांगितलं, मी सगळ्या बाटल्या एकत्र करून काला केला!"

हे मटकन स्टुलावर बसले. "काळा, अगं, काळा. एक नंबरची बाटली. एवढी एकच भरायची होती." फिकट भागात दाट शाई गेली, दाट भागात फिकट गेली, बाबांचं तोंड त्यात कालवलं गेलं, असं काहीतरी पुटपुटत राहिले. कोऱ्या कागदाचं जे पांढरं होतं तेवढंच वाचलं होतं.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. महिनाभर एकवेळ जेवले, मिरी सोडली, गुलाबी मांजरं डोक्यावर घेऊन फिरले, आणि ज्या तोंडासाठी हे सगळं केलं त्या तोंडाचाच मी काला केला!

"मना दाव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते बिघडलंय. मी पुन्हा…"

"दाव बोलतंय ना."

यांनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्या वाकल्या. बोट टोपीवरून फिरलं, मग खाली दातांवर येऊन थांबलं. आम्ही 'यो कोन?' ची वाट बघत होतो.

"यो हाय!" त्या म्हणाल्या. आवाज एकदम मुलीसारखा. "यो यो! आरं, योच हाय!"

"आई, पण यात दिसतंय काय?" हे म्हणाले.

"आमच्या वक्ताला मोरिवलीला लाईट कुटं व्हती रं? राखनीवरशी रातचा घरा याचा. आदीच रंगानी कोलसा. मी दारात उबी. निस्ती टोपी येताना दिसाची, आनि जवल आला का दात. नवी नवरी मी, वर तोंड करून दिसाचा बगाची लाज. असाच बगला मी त्याला." त्यांनी पदराने डोळा पुसला आणि हसल्या. "तुमच्या त्या हिरव्या फोटोत नाक-डोले हायेत, म्हनून वलखाला येत नव्हता."

हे उठून खिडकीपाशी गेले आणि उगाच पडदा सरळ करत राहिले. करिष्माने नाक ओढलं. गुरुजीसुद्धा उपरण्याशी काहीतरी करत होते. आणि मला वाटलं, बघा, मी म्हटलं नव्हतं? होतं सगळं नीट. देवाच्या घरी काळा आणि काला एकच. लाइट लाइट ब्लॅकचा खरा अर्थही मीच बरोबर लावला होता.

मी पुढे होऊन सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझा हात धरला, जवळून बघितला. "हात तं साफ हायेत गो. येवडी शाई कालवली आनि हात काले नाय जाले?"

"नाही, आई. पिशव्या घातल्या होत्या."

"शानी माजी," त्या म्हणाल्या. "नाय हात काला केलास, नाय तोंड काला केलास."

करिष्माने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. आमचे हे पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे वळले आणि तसेच राहिले.

"आई," करिष्मा अगदी हळू म्हणाली, "तू अशीच सगळ्या बिल्डिंगमध्ये जाऊन आलीस?"

तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एक रुंद पट्टा आणि गालावर त्याची शेपटी. मनगट! पिशवी घातलेलं मनगट!

मी घाईघाईने पदर तोंडावर घेतला आणि आशेने गुरुजींकडे बघितलं. "गुरुजी, ही लाइटच असणार. सातही एकत्र केलेल्या आहेत ना. फार तर लाइट लाइट."

गुरुजींनी चष्मा पुसला, तो पुन्हा लावला, यांच्याकडून टॉर्च मागून घेतला आणि माझं कपाळ बराच वेळ नीट तपासलं.

"नाही, ताई," ते म्हणाले. "पातळ अजिबात नाही. काला छान मुरलाय. व्रत पहिल्यापासून धरा."